आमचं आम्ही बघतो

आप्पा, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, आणि तुमच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुठं माया सापडेल अशी आशा नको. तुमच्या शोकसभेला निपाणीच्या त्या हॉलमध्ये लोक एकामागून एक उठून बोलले. गुरुजींनी जन्मात कुणापुढं हात पसरला नाही, असं जो तो म्हणाला. मी पुढच्या रांगेत बसले होते आणि माझ्या डोळ्यांपुढं आईचे हात होते. तुम्ही पसरला नाहीत ते खरं, पण त्याचा सगळा भार ज्या हातांवर पडला, त्यांचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. तुम्हीही कधी काढलं नव्हतं.

आपलं घर म्हणजे तंबाखूच्या वखारीमागच्या त्या दोन खोल्या. तुम्ही सकाळच्या पहिल्या बसनं खेड्यातल्या शाळेवर जात होता. त्या अंधारातच आई उठायची. तिच्या बोटांची पेरं आधी नुसती सुजायची, मग ती वाकडी व्हायला लागली. थंडीच्या दिवसांत सकाळी तिच्या मुठी उघडायच्याच नाहीत. दोन मनगटांत तांब्या धरून ती तुमच्या अंघोळीचं पाणी विसणायची. पीठ तळहाताच्या मागच्या बाजूनं मळायची. तुम्ही समोर पाटावर बसून चहा पीत असायचा. तुम्हाला दिसत नव्हतं असं मी कशी म्हणू? शाळेत पोराच्या पाटीवरचा काना चुकला तरी तुम्हाला लांबून दिसायचा.

समोरच्या घरातली आक्का, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी, तिला मात्र दिसलं. तुम्ही बस धरायला गेलात की ती हळूच यायची. केर काढायची, भाकरी थापायची, आईची वेणी घालून द्यायची आणि आपल्या सुपाकडं परत जायची. आई त्या दिवसांत हसायची, आप्पा. मी नऊ-दहा वर्षांची असेन, पण ते हसू मला आठवतंय, कारण नंतर ते दिसलं नाही. एक दिवस शाळा लवकर सुटली म्हणून तुम्ही दुपारच्या आत घरी आलात आणि आक्का आईच्या चुलीपुढं बसलेली तुम्हाला दिसली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुम्ही कधीच चढवत नव्हता. तुम्ही चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणालात, "आमच्या घरात माणसं हाईत. आमचं आम्ही बघतो. उद्यापासनं येऊ नका."

आक्का म्हणाली, "गुरुजी, भाकरीच थापलीया. घर न्हाय घेतलं तुमचं." आणि पिठाचे हात तसेच घेऊन ती उठून गेली. तव्यावरची भाकरी करपली. आई भिंतीकडं बघत बसली. मग तुम्ही मला हाक मारलीत आणि परातीपुढं बसवलंत. माझ्या तळहातांना त्या आठवड्यात फोड आले. तुम्ही ते बघून म्हणालात की कष्टानं आलेल्या फोडांची लाज वाटायची नसते. मला लाज वाटतच नव्हती, मला दुखत होतं.

त्यानंतरची एक गोष्ट मी तुम्हाला त्या वेळी सांगितली होती. आता पुन्हा सांगते, कारण तेव्हा तुम्ही ऐकली नाहीत. पौषातले दिवस असतील. मी शाळेतून घरी आले तर चूल थंड आणि आई न्हाणीत बसलेली. अंगाभोवती ओलं लुगडं गुंडाळलेलं, ओठ काळेनिळे. सकाळी आपण दोघं गेल्यावर तिनं अंघोळ केली होती, पण परकराची नाडी तिला बांधता आली नव्हती. बोटं वळत नव्हती. नाडीचं एक टोक दातात धरून तिनं बघितलं, मग परकर दोन्ही कोपरांनी कमरेला दाबून धरून बघितला, आणि शेवटी ती तशीच खाली बसली. समोर आक्काच्या घराचं दार उघडं होतं. एक हाक मारली असती तर ती धावत आली असती. मी आईला विचारलं, का नाही गं हाक मारलीस? ती म्हणाली, "त्यांला आवडत न्हाय." एवढंच. मी तिला पुसलं, नाडी बांधली, चूल पेटवली. संध्याकाळी तुम्ही आलात तेव्हा मी रडत रडत तुम्हाला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तुम्ही उठून समोरच्या दारात जाल. तुम्ही म्हणालात, "मग तू शाळेला जरा उशिरानं जात जा."

गुरुजी होता तुम्ही. गल्लीतल्या एकेका घरात जाऊन, मुलींना शाळेत घाला म्हणून आईबापांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतंत. आणि स्वतःच्या मुलीला सांगितलंत, उशिरानं जा. कारण ती नाडी आक्कानं बांधली असती तर तुमची मान खाली गेली असती. तिची अंघोळ आधी होऊ देऊन ती तुम्ही स्वतः बांधली असती आणि मग बस धरली असती, तर कुणाचीच मान खाली गेली नसती. ते तुमच्या मनातही आलं नाही.

तुमचं कारण मला माहीत आहे. लहानपणापासून ऐकवलंत ते मी विसरलेले नाही. तुमची आई वखारीच्या मालकाच्या मागच्या दारी उभी राहायची. शिळं अन्न वरून टाकलं जायचं, हात हाताला लागू नये म्हणून. तुम्ही तिच्या पदराला धरून उभे असायचा. पुढं शिकून, नोकरी लागून, त्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही असं तुम्ही ठरवलंत. त्यात तुमची चूक काढणारी मी कोण? मी आज बेळगावात बँकेत अधिकारी म्हणून बसते ती त्याच ठरवण्यामुळं बसते. पण आक्काच्या हातात कुठला मालक बसला होता, आप्पा? ती आपल्याच गल्लीतली, आपल्याच विहारात आपल्या शेजारी बसणारी बाई. तिनं वरून काही टाकलं नव्हतं. खाली बसून थापलं होतं. तुम्हाला मालक आणि आक्का यांच्यातला फरक कळला नाही, आणि तुमच्या त्या न कळण्यात आईचा सगळा जन्म गेला. ती गेली तेव्हाही तिच्या मुठी बंदच होत्या.

आईचे ते हात आता मला आलेत. डॉक्टरांनी रक्त तपासून नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, तिच्याइतकं वाढणार नाही असंही म्हणाले. दुपारपर्यंत बोटं सुटतात, सह्या होतात, कीबोर्डवर काम होतं. सकाळी मात्र मुठी मिटलेल्या. नवऱ्याला एवढंच ठाऊक होतं की माझे सांधे दुखतात. मी सगळ्यांच्या आधी उठायची, न्हाणीघराची कडी कोपरानं लावायची, गीझरच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायची आणि बोटं वळायला लागली की बाहेर यायची. घरात कुणाला कळू दिलं नाही. तुम्ही असता तर मला शाबासकी दिली असती.

बँकेत माझ्या शेजारच्या टेबलाला एक मैत्रीण बसते. धारवाडकडची, घरात कानडी, मराठी बोलते ती आपल्या पद्धतीनं, बिनधास्त. तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाची बेळगुंदीच्या पुढं काजूची बाग आहे. नाताळच्या सुट्टीत दोन्ही घरांनी तिथं तंबू ठोकून राहायचं, असं तिनं आणि माझ्या नवऱ्यानं परस्पर ठरवलं. मुलीनं तर उड्याच मारल्या. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, छपरासाठी आम्ही जन्म काढला आणि ही पैसे खर्चून जमिनीवर झोपायला निघाली. पहिल्यांदा माझ्याही मनात हेच आलं, तुमच्याच आवाजात. नाही म्हणायला कारण सापडलं नाही म्हणून मी गेले.

गेले ती तुमची मुलगी म्हणूनच गेले. आमचा स्टोव्ह वेगळा, आमची भांडी वेगळी, आमचं पाणीसुद्धा घरून भरून नेलेलं. मैत्रीण म्हणाली, एवढं कशाला, एकत्रच करू की. मी म्हटलं, असू दे. तिचा नवरा आमच्या तंबूच्या खुंट्या ठोकायला आला तर मी त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला. माझी मूठ दांड्याभोवती नीट बसत नव्हती. खुंट्या वाकड्या गेल्या आणि संध्याकाळच्या वाऱ्यानं तंबू एका अंगाला बसला. तो बिचारा लांबून बघत उभा राहिला. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं न बघता त्या पुन्हा ठोकल्या.

जेवणानंतर सगळे शेकोटीभोवती बसलो. बेळगावची डिसेंबरची थंडी तुम्हाला सांगायला नको. माझी मुलगी पातळ स्वेटरमध्ये कुडकुडत होती. मैत्रिणीनं आपल्या अंगावरची शाल काढून तिच्यापुढं धरली. मुलीनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग मान ताठ केली आणि म्हणाली, "नको काकू. आमचं आम्ही आणलंय." दात वाजत होते तिचे. आणलेलं काहीच नव्हतं. तुम्हाला तिनं कधी पाहिलेलं नाही, ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, आणि त्या शेकोटीपाशी तुम्ही माझ्या मुलीच्या तोंडून बोललात. मला इतका राग आला की मी उठून तंबूत गेले. तुमचा राग म्हणावा तर शिकवलं मीच होतं.

सकाळी जाग आली ती लघवीची कळ येऊन. हात बघितले तर दोन्ही मुठी दगडासारख्या. जमिनीची ओल रात्रभर हाडांत उतरलेली. इथं ना कडी ना गीझर. नवरा आणि मुलगी गाढ झोपलेले. तंबूची चेन मी दातांनी ओढली आणि रांगत बाहेर आले. दव पडलं होतं. मी काजूच्या झाडांमागं गेले आणि सलवारची नाडी सोडायला लागले. बोटं नाहीतच, नुसते दोन ठोकळे. गाठ हाताला लागत होती, सुटत नव्हती. मागून मैत्रिणीनं हाक मारली. ती चहा टाकायला उठली होती आणि तिनं मला तंबूतून रांगत येताना बघितलं होतं. काय झालं, मी येऊ का, असं विचारत ती जवळ आली. मी म्हटलं, नको. ती आणखी जवळ आली. मी म्हटलं, जा. कानडीतसुद्धा म्हटलं, म्हणजे कळलं नाही असं म्हणायला तिला जागा नको. ती थांबली. मी पुन्हा त्या गाठीशी झटायला लागले, आणि मग मला धीर निघाला नाही. उभ्या उभ्या कपड्यांत झालं सगळं.

मी तशीच उभी राहिले. पन्नाशीकडं झुकलेली बाई, बँकेत माझ्या सहीशिवाय कर्ज मंजूर होत नाही, आणि पायांवरून ऊन पाणी ओघळतंय. त्या क्षणी मला तुमची शरम वाटली नाही, स्वतःचीही नाही. न्हाणीत बसलेली आई आठवली, आणि तुम्ही माझ्यासमोर असता तर मी तुमच्यावर हात उचलला असता. हे मी शांतपणे लिहिते आहे. त्याच हातानं, जो उघडत नव्हता.

मैत्रीण गेली होती. मला वाटलं, बरं झालं. पण ती चहाचं आधण बादलीत विसणून घेऊन आली, खांद्यावर टॉवेल आणि तिचा स्वतःचा गाऊन. आधी तिनं माझ्या मुठी त्या पाण्यात बुडवल्या आणि धरून ठेवल्या. मग खाली बसली आणि नाडीच्या गाठीला हात घातला. मी तिला वाटेल ते बोलायला लागले. तुला कुणी बोलावलं, मी सांगितलं होतं जा म्हणून, आता सगळ्या ऑफिसात सांगत फिर. ती गाठ सोडत म्हणाली, "बोल की, बोल. बोलता बोलता पाय उचल."

मी पाय उचलला, आप्पा. दुसरा पण उचलला. तोल जाऊ नये म्हणून मला तिच्या डोक्यावर हात ठेवायला लागला. तिनं मला धुतलं, पुसलं, गाऊन घातला, ओले कपडे पिळून झाडावर टाकले. आईला मी पुसलं होतं तेव्हा मी लहान होते आणि रडत होते. ही रडत नव्हती. रोजच्या कामासारखं करत होती. माझे दात वाजायचे थांबले तेव्हा तिनं विचारलं, हे नवऱ्याला ठाऊक हाय का? मी नाही म्हणून मान हलवली. "मग सांग त्यांला. मी सांगणार न्हाय. तूच सांग."

मी सांगितलं. उन्हं वर आल्यावर त्याला बागेखालच्या धरणाच्या पाण्याकडं घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. सकाळच्या कडीचं, दातांचं, आता झालेलं. तो माझ्यावर चिडला. इतकी वर्षं एका घरात राहून तू मला परका समजलीस, म्हणाला. कशासाठी लपवलंस, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, आप्पांना आवडत नाही. तुम्हाला मरून इतकी वर्षं झाल्यावर. तो म्हणाला की आप्पांचं आवडणं-नावडणं आता आप्पांपाशीच राहू दे.

परत आलो तेव्हा आवराआवर चालली होती. मी चटईवर बसले आणि माझा तंबू दुसऱ्यांना उतरवू दिला. ऐकायला सोपं वाटतं. त्यांच्या घड्या वाकड्या पडत होत्या, खुंट्यांची माती झटकली जात नव्हती, आणि मी हातांवर बसल्यासारखी बसून होते. मैत्रिणीनं शेकोटीच्या राखेत रताळी पुरली होती. ती तिनं उकरून आपल्या पोरांना दिली आणि एक माझ्या मुलीपुढं धरलं. मुलीनं पुन्हा माझ्याकडं बघितलं, तशीच मान ताठ करून. मी म्हटलं, "घे." तिला खरं वाटलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "घे गं. काकूच हाईत." मग तिनं घेतलं, या हातातून त्या हातात फुंकत, आणि सालासकट खाल्लं.

हे मी तुम्हाला माफ केलं म्हणून लिहिलेलं नाही. शेवटी निपाणीहून तुम्हाला दवाखान्यात न्यायचं झालं तेव्हा गल्लीतल्या चौघांनी उचललं. त्यांत आक्काचा मुलगा होता. तुम्ही शुद्धीवर नव्हता म्हणून जमलं. असता तर त्यालाही दारातून परत पाठवलं असतं. आक्का आईच्या मातीला आली होती. दारापाशीच उभी राहिली, आत आली नाही, कारण तुम्ही तिला येऊ नका म्हणाला होता आणि तो शब्द तुम्ही कधी मागं घेतला नव्हता. ज्या माणसाची आई दाराबाहेर उभी राहिली, त्यानं दुसऱ्या बाईला दाराबाहेर उभं केलं. याला तुम्ही स्वाभिमान म्हणत होता. मी दुसरा शब्द शोधते आहे, सापडला की त्याच शब्दानं तुमची आठवण काढीन.

पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. मुलीला मात्र हा शेवटचा कागद काढून घेऊन एक दिवस वाचायला देईन म्हणते. एवढी एक गोष्ट तिला कळायला नको, म्हणून ती फक्त तुम्हाला सांगते, कारण तुम्हालाच ती सगळ्यात जास्त लागेल. त्या दिवसापासून सकाळी नवरा माझी वेणी घालतो. त्याला येत नाही, भांग वाकडा जातो, शेवटाला गाठ मारतो आणि तीही सुटते. आताच्या गोळ्या बऱ्या आहेत. एखाद्या सकाळी बोटं उठता उठताच मोकळी झालेली असतात, माझी मला वेणी सहज घालता येईल इतकी. तरी मी मूठ मिटूनच ठेवते आणि त्याच्याकडं पाठ करून बसते.